एक्सेलचा ॲप्लिकेशन ऑब्जेक्ट स्क्रिप्टमधून चालवताना : हातात घेण्यापासून बंद करेपर्यंत

पायथनमधून एक्सेल चालवणारी स्क्रिप्ट सुरू करायला तीन ओळी पुरतात. ऑब्जेक्ट मागवला, फाइल उघडली, सेलमध्ये आकडा भरला. दुखणी नंतर सुरू होतात. टास्क मॅनेजरमध्ये न दिसणाऱ्या एक्सेलची रांग लागते, अकाउंट्समधल्या कुणाची तरी उघडी फाइल न विचारता बंद होते, रात्रीचं शेड्यूल केलेलं काम एखाद्या अदृश्य डायलॉगसमोर सकाळपर्यंत ताटकळतं. यातली बरीचशी दुखणी एकाच प्रश्नाचं उत्तर आधी न ठरवल्यामुळे होतात: ज्या एक्सेलला आपण हात घालतोय तो आपण सुरू केलेला आहे, की समोर बसलेल्या माणसाचा? सेटिंग काय बदलायची, काय परत जागेवर ठेवायची, शेवटी बंद करायचं की नाही, हे सगळं त्यावर ठरतं.

हा लेख विंडोजवरचा डेस्कटॉप एक्सेल, पायथन ३ आणि पायविन३२ हे पॅकेज धरून लिहिला आहे. पॉवरशेल आणि व्हीबीए (एक्सेलची आतली मॅक्रोची भाषा) वापरणाऱ्यांसाठी जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे. ऑब्जेक्ट आणि मेथडची नावं इथे देवनागरीत आहेत. स्क्रिप्टमध्ये ती अर्थातच मूळ रोमन स्पेलिंगने टाइप करायची. मॅकवरच्या एक्सेलमध्ये कॉम (एका प्रोग्रामने दुसरा चालवण्याची विंडोजची सोय) नाही, त्यामुळे तिथे यातलं जवळजवळ काही लागू होत नाही. आणि फक्त एक्सएलएसएक्स फाइल वाचायची किंवा लिहायची असेल, तर ओपनपायएक्सएल ही पायथनची लायब्ररी वापरा आणि इथेच थांबा. एक्सेलचं स्वतःचं कॅल्क्युलेशन, पिव्हट रिफ्रेश, पीडीएफ एक्स्पोर्ट किंवा उघड्या फाइलमध्ये थेट काम हवं असेल तरच ॲप्लिकेशन ऑब्जेक्टच्या वाटेला जावं.

ऑब्जेक्ट म्हणजे नेमकं काय हाती येतं

एक्सेल ही स्वतंत्र प्रोसेस आहे. आपल्या स्क्रिप्टला मिळतो तो त्या प्रोसेसमधल्या ॲप्लिकेशन ऑब्जेक्टचा दुवा. वर्कबुक्स, वर्कशीट्स, रेंज हे सगळं त्याच्या पोटात असतं, आणि यातल्या कुठल्याही ऑब्जेक्टला .ॲप्लिकेशन विचारलं की पुन्हा मुळाशी येता येतं. संपर्क दोन प्रोसेसमध्ये होत असल्यामुळे दोन गोष्टी ओघाने येतात. एक, ३२-बिट पायथनने ६४-बिट एक्सेल चालवायला काही अडचण नाही. दुसरी, प्रत्येक डॉट ही एक फेरी आहे, आणि लूपमध्ये त्या फेऱ्या महाग पडतात.

ओळखीचं नाव, म्हणजे प्रोगआयडी, एक्सेल.ॲप्लिकेशन. मागे आवृत्तीचा आकडा लावता येतो, पण त्याचा उपयोग कमी: ऑफिस २०१६, २०१९, २०२१ आणि ३६५ हे सगळे .व्हर्जनला १६.० असंच उत्तर देतात. त्यामुळे एखादी नवी सोय आहे की नाही हे आवृत्तीच्या आकड्यावरून ठरवू नका. ती वापरून बघा आणि एरर आला तर पर्यायी वाट घ्या.

पायरी १ : मागवण्याची योग्य पद्धत निवडा

पायविन३२ मध्ये चार दारं आहेत, आणि त्यांच्या नावांवरून त्यांचा स्वभाव कळत नाही.

डिस्पॅच हे सगळ्यात जास्त वापरलं जाणारं आणि सगळ्यात फसवं. ते आधी चालू असलेला एक्सेल शोधतं. सापडला तर त्यालाच चिकटतं, नाही तर नवा सुरू करतं. म्हणजे रिकाम्या मशीनवर चाचणी घेताना सगळं सुरळीत, आणि वापरणाऱ्याच्या मशीनवर त्याच्या उघड्या एक्सेलवर क्विट. स्क्रिप्टमध्ये हे शक्यतो ठेवूच नका.

डिस्पॅचईएक्स नेहमी नवी प्रोसेस सुरू करतं. आपल्या कामासाठी आपला एक्सेल हवा असेल तेव्हा हेच.

गेटॲक्टिव्हऑब्जेक्ट फक्त चालू असलेला एक्सेल देतं. नसेल तर −२१४७२२१०२१ हा एरर. समोरच्या माणसाच्या एक्सेलमध्ये काम करायचं असेल तर हे.

गेनकॅश.एन्शुअरडिस्पॅच हे डिस्पॅचसारखंच वागतं, पण सोबत टाइप लायब्ररीवरून (एक्सेलच्या ऑब्जेक्ट, मेथड आणि स्थिरांकांची यादी) पायथनची फाइल तयार करून ठेवतं. त्यामुळे एक्सेलची स्थिरांकांची नावं वापरता येतात. नवी प्रोसेस आणि ही सोय दोन्ही हवी असतील, तर आधी डिस्पॅचईएक्सने ऑब्जेक्ट घ्या आणि तोच एन्शुअरडिस्पॅचला द्या.

व्हीबीएमध्ये हीच जोडी क्रिएटऑब्जेक्ट आणि गेटऑब्जेक्ट अशी येते. तिथे एक बारीक खाच आहे. गेटऑब्जेक्टचा पहिला आर्ग्युमेंट कोरा सोडून स्वल्पविराम दिला तर चालू एक्सेल मिळतो, नसेल तर ४२९ नंबरचा एरर येतो. त्या जागी रिकामी स्ट्रिंग दिली तर नवा एक्सेल सुरू होतो. विंडोज पॉवरशेल ५.१ मध्ये मार्शल क्लासचं गेटॲक्टिव्हऑब्जेक्ट चालतं. पॉवरशेल ७ मध्ये ते उरलेलं नाही, म्हणून चालू एक्सेलला जोडायचं असेल तर ५.१ वरच राहा. नव्या कामासाठी व्हीबीस्क्रिप्ट मात्र धरू नका. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्येच ते विंडोजमधून टप्प्याटप्प्याने काढणार असल्याचं जाहीर केलं आहे.

चालू एक्सेल समोर दिसतोय, तरी सापडत नाही

याची तीन कारणं नेहमी आढळतात.

पहिलं: चालू ऑब्जेक्टांच्या यादीत एक्सेल स्वतःची नोंद करतो ती त्याच्या खिडकीवरचा फोकस पहिल्यांदा हलल्यावर. स्क्रिप्टनेच फाइलवर डबल-क्लिक केल्यासारखं एक्सेल उघडलं आणि लगेच गेटॲक्टिव्हऑब्जेक्ट मागितलं, तर नोंद झालेलीच नसते. दुसऱ्या खिडकीवर फोकस नेऊन पुन्हा मागा. नुसती वाट पाहून हे सुटत नाही.

दुसरं: स्क्रिप्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू आहे आणि एक्सेल साध्या अधिकारात, किंवा उलट. दोघांना एकमेकांच्या नोंदी दिसत नाहीत. दोन्ही एकाच पातळीवर चालवा.

तिसरं: एकापेक्षा जास्त एक्सेल प्रोसेस चालू आहेत. २०१३ पासून प्रत्येक वर्कबुकची खिडकी वेगळी दिसते, पण त्या सगळ्या सहसा एकाच प्रोसेसमध्ये असतात. ऑल्ट दाबून धरून एक्सेल उघडला तर मात्र खरंच वेगळी प्रोसेस सुरू होते. गेटॲक्टिव्हऑब्जेक्ट यातली एकच देतं, आणि ती आपल्याला हवी तीच असेल याची खात्री नाही. अशा वेळी नेमकी फाइल माहीत असेल तर गेटऑब्जेक्टला फाइलचा पूर्ण पाथ द्या. ती ज्या प्रोसेसमध्ये उघडी असेल तिथलं वर्कबुक मिळतं, आणि त्याच्या .ॲप्लिकेशनमधून योग्य एक्सेल.

पाथवाल्या या पद्धतीत एक सापळा आहे. फाइल उघडी नसेल तर ती उघडली जाते, पण तिची खिडकी लपलेली असते. तशीच सेव्ह केली तर लपलेपण फाइलमध्येच साठवलं जातं, आणि दुसऱ्या दिवशी कोणी फाइल उघडली की त्याला एक्सेलची करडी पाटी तेवढी दिसते. सेव्ह करण्याआधी वर्कबुकच्या विंडोज(१).व्हिजिबलला ट्रू करा. आधीच झालेलं असेल तर व्ह्यू मेन्यूतल्या अनहाइडने खिडकी परत येते.

पायरी २ : प्रोसेसचा नंबर आधीच टिपून ठेवा

ऑब्जेक्ट हातात आल्याबरोबर, फाइल उघडण्याच्याही आधी, .एचडब्ल्यूएनडी, म्हणजे एक्सेलच्या खिडकीचा नंबर, वाचा आणि विन३२प्रोसेस मधल्या गेटविंडोथ्रेडप्रोसेसआयडीला तो द्या. दोन आकडे मिळतात. दुसरा आकडा हा प्रोसेस आयडी. लॉगमध्ये लिहा. पुढे काही अडकलं तर नेमकी हीच प्रोसेस मारता येईल. एक्सेल नावाच्या सगळ्या प्रोसेस एकदम मारणारी ओळ बऱ्याच स्क्रिप्टांत असते; ती दुसऱ्याचं न सेव्ह केलेलं काम घेऊन जाते.

स्क्रिप्टने सुरू केलेला एक्सेल ओळखायची आणखी एक खूण आहे. टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये कमांड लाइनचा कॉलम चालू करा. ऑटोमेशनने सुरू झालेल्या एक्सेलच्या कमांड लाइनमध्ये ‘ऑटोमेशन’ आणि ‘एम्बेडिंग’ असे दोन स्विच दिसतात. माणसाने उघडलेल्यात ते नसतात. असा एक्सेल आपल्या स्क्रिप्टची चाइल्ड प्रोसेसही नसतो, त्याला विंडोजची सर्व्हिस जन्म देते. म्हणून स्क्रिप्ट मारली तरी एक्सेल मरत नाही.

पायरी ३ : फाइल उघडण्याआधीची सेटिंग

आपल्या स्वतःच्या एक्सेलसाठी या क्रमाने:

१. डिस्प्लेअलर्ट्स फॉल्स. व्हीबीएमध्ये मॅक्रो संपल्यावर ते आपोआप ट्रू होतं. बाहेरच्या प्रोसेसमधून केलं तर होत नाही. शिवाय यामुळे एक्सेल प्रत्येक प्रश्नाचं ठरलेलं उत्तर स्वतःच देतो, हे लक्षात असू द्या. ‘आधीची फाइल पुसू का?’ याचं उत्तर ‘हो’ असतं.

२. ऑटोमेशनसिक्युरिटी ३. हे फार लोक करत नाहीत आणि तेच महत्त्वाचं. कोडमधून उघडलेल्या फाइलसाठी मूळ किंमत १ असते, म्हणजे मॅक्रोंना पूर्ण मोकळीक. ट्रस्ट सेंटरमध्ये काहीही निवडलेलं असलं तरी बाहेरून आलेल्या फाइलचा वर्कबुक_ओपन मॅक्रो मुकाट्याने चालतो. ३ केलं की सगळे मॅक्रो बंद. मॅक्रो खरंच चालवायचा असेल तर त्या एका फाइलपुरतं १ करा, उघडून झालं की परत ३.

३. एनेबलइव्हेंट्स फॉल्स आणि आस्कटूअपडेटलिंक्स फॉल्स.

४. व्हिजिबलला हात लावू नका. ऑटोमेशनमध्ये ते मुळातच फॉल्स असतं. स्क्रिप्ट लिहिण्याच्या काळात मात्र ट्रू ठेवा. ‘अडकली आहे’ असं वाटणाऱ्या स्क्रिप्टसमोर बऱ्याचदा एखादा डायलॉग उभा असतो, आणि तो दिसला की अर्धं निदान झालं.

कॅल्क्युलेशन इथे बदलायचं नाही. एकही वर्कबुक उघडं नसताना ते बदलायला गेलात तर एरर येतो. फाइल उघडल्यावर −४१३५ म्हणजे मॅन्युअल, काम झाल्यावर −४१०५ म्हणजे ऑटोमॅटिक. ही सेटिंग पूर्ण एक्सेलला लागू असते, एका फाइलला नाही, आणि सेव्ह करताना ती फाइलमध्येही जाते. मॅन्युअलवर सेव्ह झालेली फाइल कोणी दिवसातली पहिली फाइल म्हणून उघडली की त्याचा सगळा एक्सेल मॅन्युअल होतो. बेरीज बदलत नाही म्हणून तो हैराण, आणि कारण आपली कालची स्क्रिप्ट.

माणसाच्या एक्सेलमध्ये काम करत असाल तर नियम वेगळा. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरल्यासारखं वागायचं: जे हलवाल त्याची आधीची जागा टिपून ठेवा. डिस्प्लेअलर्ट्स, स्क्रीनअपडेटिंग, एनेबलइव्हेंट्स, कॅल्क्युलेशन यांच्या मूळ किमती व्हेरिएबलमध्ये घ्या आणि फायनली ब्लॉकमध्ये परत लावा. क्विट कधीच नाही. ॲक्टिव्हवर्कबुकवर विसंबू नका. स्क्रिप्ट चालू असताना माणूस दुसऱ्या खिडकीवर क्लिक करतो आणि आपला आकडा भलत्याच फाइलमध्ये पडतो. सुरुवातीलाच वर्कबुक नावाने धरून ठेवा. कॉपी-पेस्ट टाळा, कारण क्लिपबोर्डही त्याचाच आहे. आणि कोडने सेल बदलले की त्याची अनडूची यादी पुसली जाते, हे त्याला आधी सांगून ठेवलेलं बरं.

पायरी ४ : वर्कबुक उघडणं

वर्कबुक्स.ओपनला नेहमी पूर्ण पाथ द्या. अर्धवट पाथ एक्सेल स्वतःच्या चालू फोल्डरपासून मोजतो, ते बहुधा डॉक्युमेंट्स असतं; आपल्या स्क्रिप्टच्या फोल्डरशी त्याचा संबंध नाही. पाथ २१८ अक्षरांच्या पुढे गेला तर एक्सेल नकार देतो, आणि महिन्यांच्या फोल्डरात फोल्डर ठेवणाऱ्या कार्यालयांत ही मर्यादा वाटते तेवढी लांब नसते. फाइलचं नाव मराठीत असलं तरी पायथन ३ ला चालतं. व्हीबीए एडिटरला मात्र देवनागरी अक्षरं लिहिता येत नाहीत, त्यांची प्रश्नचिन्हं होतात. तिथे नाव एखाद्या सेलमधून वाचा. पॉवरशेल ५.१ च्या स्क्रिप्टमध्ये देवनागरी असेल तर ती फाइल बीओएमसह (फाइलच्या सुरुवातीची एन्कोडिंगची खूण) यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा.

सोबत अपडेटलिंक्स ० द्या. फक्त वाचायचं असेल तर रीडओन्ली ट्रू. पासवर्डच्या जागी कुठलीही खोटी स्ट्रिंग द्या: फाइलला पासवर्ड नसेल तर एक्सेल तिच्याकडे लक्षच देत नाही, आणि असेल तर डायलॉग उघडून बसण्याऐवजी लगेच एरर देतो. रात्री चालणाऱ्या कामासाठी ही एक युक्ती सोन्यासारखी आहे.

उघडल्यावर लगेच .रीडओन्ली तपासा. फाइल शेअर्ड ड्राइव्हवर दुसऱ्या कोणी उघडून ठेवली असेल, तर डिस्प्लेअलर्ट्स बंद असताना एक्सेल ती गुपचूप रीड-ओन्ली उघडतो, आणि हे कळतं ते अर्ध्या तासाचं काम करून सेव्हवर आल्यावर.

सीएसव्हीचं प्रकरण आपल्याकडे वेगळं पाहायला हवं. हाताने उघडलेली सीएसव्ही विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगप्रमाणे वाचली जाते. कोडमधून उघडलेली, लोकल हा आर्ग्युमेंट न दिल्यास, अमेरिकी पद्धतीने. परिणाम असा की ०३-०४-२०२४ म्हणजे आपला ३ एप्रिल तिथे ४ मार्च होतो, आणि २५-०४-२०२४ मध्ये पंचविसावा महिना नसल्यामुळे तो मजकूर म्हणूनच राहतो. एकाच कॉलममध्ये काही तारखा चुकीच्या आणि काही मजकूर. कुठेही एरर नाही. लोकल ट्रू दिलं की हे टळतं. मजकूर मराठी असेल तर वर्कबुक्स.ओपनटेक्स्ट वापरून ओरिजिन ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, द्या, नाहीतर बीओएम नसलेल्या फाइलमधली अक्षरं कचरा होऊन येतात. कॉलमचे प्रकार ठरवणारा फील्डइन्फो मात्र एक्स्टेन्शन सीएसव्ही असेल तर मानला जात नाही. फाइलची प्रत टीएक्सटी नावाने करून ती उघडा.

पायरी ५ : डेटा वाचणं आणि लिहिणं

एक लाख सेल एकेक करून वाचले तर प्रोसेसच्या सीमेवरून किमान एक लाख फेऱ्या. पूर्ण रेंजची .व्हॅल्यू२ एकदम घेतली तर एक फेरी. पायथनमध्ये ती टपलांचा टपल म्हणून येते, रिकामा सेल नन म्हणून. रेंज एकाच सेलची निघाली तर टपल न येता नुसती किंमत येते, आणि ज्या दिवशी डेटात एकच ओळ असते त्याच दिवशी लूप कोसळतो. ही तपासणी आधीच घाला.

.व्हॅल्यू आणि .व्हॅल्यू२ यांत फरक असा: पहिलं तारखा आणि चलन वेगळ्या प्रकारात देतं, पायविन३२ तर तारखेला टाइमझोनही चिकटवतं. दुसरं निव्वळ आकडा देतं. १ एप्रिल २०२४ साठी ४५३८३. तारखांशी पुढे हिशोब करायचा असेल तर आकडाच बरा.

एरर असलेले सेलही आकडे म्हणूनच येतात, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं. शून्याने भागल्याचा एरर −२१४६८२६२८१, शोधलेलं न सापडल्याचा −२१४६८२६२४६. पायथनच्या दृष्टीने हे साधे पूर्णांक आहेत आणि बेरजेत बिनबोभाट मिसळतात. एकूण रक्कम अचानक उणे दोनशे कोटींच्या घरात गेली तर इथे पाहा.

लिहिताना बँक खात्याचे क्रमांक सांभाळा. एक्सेल १५ अंकांपलीकडचं शून्य करतो आणि सुरुवातीची शून्यं खाऊन टाकतो. रेंजच्या नंबरफॉरमॅटला आधी @, म्हणजे मजकूर, लावा आणि मग स्ट्रिंग लिहा. क्रम उलटा झाला तर गेलेले अंक परत येत नाहीत.

शेवटची ओळ शोधायला कॉलमच्या तळापासून, म्हणजे १०४८५७६ व्या ओळीपासून, .एंड(−४१६२) ने वर या. यूज्डरेंज फॉरमॅट केलेल्या रिकाम्या ओळीही मोजतं.

आता पायविन३२ चा सगळ्यात ओंगळ सापळा. एन्शुअरडिस्पॅचने एकदा टाइप लायब्ररीची फाइल बनवली की त्या मशीनवर सगळ्या स्क्रिप्टांना तीच लागू होते. तिच्यात ऑफसेट आणि रिसाइज यांना थेट आर्ग्युमेंट देता येत नाहीत. गेटऑफसेट आणि गेटरिसाइज वापरावं लागतं. जुन्या पद्धतीने लिहिलं तर एरर येत नाही, दुसराच सेल मिळतो. बी२ वरून ऑफसेट(१, ०) मागितलं तर बी३ ऐवजी ए२. म्हणूनच एका मशीनवर बरोबर चालणारी स्क्रिप्ट दुसऱ्यावर भलतीकडे लिहिते. दोन्हीकडे चालणारा मार्ग म्हणजे हे दोन्ही टाळून शीट.रेंजला सुरुवातीचा आणि शेवटचा सेल देणं. ही साठवलेली फाइल बिघडली, बहुधा ऑफिस अपडेट झाल्यावर, तर सीएलएसआयडीटूक्लासमॅप नाही अशा अर्थाचा एरर येतो. युजरच्या टेम्प फोल्डरमधलं जेन_पाय हे फोल्डर डिलीट करा. ते पुन्हा तयार होतं.

पायरी ६ : रिफ्रेश, गणना, सेव्ह

रिफ्रेशऑल लगेच परत येतं, डेटा नंतर येतो. त्यानंतर थेट सेव्ह केलं तर जुनाच डेटा सेव्ह होतो. कनेक्शनचं बॅकग्राउंडक्वेरी फॉल्स करा, आणि रिफ्रेशऑलनंतर कॅल्क्युलेटअनटिलएसिंकक्वेरीजडन बोलवा.

सेव्हॲजला फाइलफॉरमॅटचा आकडा द्यायलाच हवा. नुसतं एक्स्टेन्शन बदलून फॉरमॅट बदलत नाही. एक्सएलएसएक्स ५१, मॅक्रोवाली एक्सएलएसएम ५२, एक्सएलएसबी ५०, जुनी एक्सएलएस ५६. सीएसव्हीसाठी ६ आहे, पण त्यात देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात. नव्या एक्सेलमध्ये ६२ द्या, तो यूटीएफ-८ आहे. पीडीएफसाठी एक्स्पोर्टॲजफिक्स्डफॉरमॅटला पहिला आर्ग्युमेंट ०.

अहवालात रक्कम १२,३४,५६७ अशी दिसावी की १,२३४,५६७ अशी, हे साध्या स्वल्पविरामाच्या फॉरमॅटमध्ये विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगवर ठरतं, आणि ती सेटिंग प्रत्येक युजरची वेगळी. आपल्या लॉगिनवर लाख-कोटीत छापलेली पीडीएफ शेड्यूलरच्या खात्यावर मिलियनमध्ये येते ती यामुळे. त्या खात्याची सेटिंग भारताची करा.

पायरी ७ : बंद करणं

आपला एक्सेल असेल तर क्रम ठरलेला: वर्कबुक.क्लोज(फॉल्स), रेंज-शीट-वर्कबुक यांची सगळी व्हेरिएबलं नन, मग .क्विट, मग ॲप्लिकेशनचं व्हेरिएबल नन. हे सगळं फायनलीमध्ये. पायथनमध्ये क्विटनंतरचा कंस विसरू नका. कंसाविना ती ओळ बहुतेक वेळा काहीच करत नाही. डिस्प्लेअलर्ट्स ट्रू राहिलं असेल आणि फाइल सेव्ह झाली नसेल, तर क्विट अदृश्य खिडकीत ‘सेव्ह करू का?’ विचारत उभं राहतं.

क्विट झालं तरी प्रोसेस उरत असेल तर कुठेतरी एक दुवा जिवंत आहे. ज्युपिटर नोटबुकमध्ये शेवटच्या एररचा ट्रेसबॅक जुनी व्हेरिएबलं धरून ठेवतो. कर्नल रीस्टार्ट केला की एक्सेल जातो. पॉवरशेलमध्ये दोन-तीन डॉट एका ओळीत जोडले की मधल्या ऑब्जेक्टला नावच राहत नाही आणि तो सोडता येत नाही. प्रत्येक टप्पा वेगळ्या व्हेरिएबलमध्ये घ्या, शेवटी सगळे नल करून जीसी.कलेक्ट चालवा. दहा सेकंदांनंतरही प्रोसेस असेल तर पायरी २ मध्ये टिपलेला नंबर काढा आणि तेवढीच मारा.

काम करून फाइल माणसाच्या हवाली करायची असेल तर क्विट न करता व्हिजिबल आणि यूजरकंट्रोल दोन्ही ट्रू करा. यूजरकंट्रोल फॉल्स असेल तर शेवटचा दुवा सुटताच एक्सेल बंद होतो.

कोणता एरर काय सांगतो

−२१४७४१८१११ : एक्सेलने कॉल नाकारला. कोणीतरी सेलमध्ये टाइप करत आहे किंवा डायलॉग उघडा आहे. −२१४६७७७९९८ चं कारणही तेच. नाकारलेला कॉल झालेलाच नसतो, म्हणून तो पुन्हा करणं सुरक्षित आहे: अर्धा सेकंद थांबा, पुन्हा करा, वीसेक वेळा. फक्त या दोन आकड्यांवरच. सरसकट प्रत्येक एररवर पुन्हा प्रयत्न करणारा लूप खऱ्या चुका झाकतो.

−२१४७०२३१७४ आणि −२१४७४१७८४८ : एक्सेल गेला किंवा दुवा तुटला. इथे पुन्हा प्रयत्न व्यर्थ; ऑब्जेक्ट नव्याने घ्या.

−२१४७३५२५६७ : हे नुसतं पाकीट आहे. खरा मजकूर एररच्या तिसऱ्या घटकात असतो आणि त्याच्या शेवटी खरा आकडा. तो −२१४६८२७२८४ असेल तर एक्सेलला मागणीच मान्य नाही: शीटचं नाव चुकलं, शीट लॉक आहे, रेंज अस्तित्वात नाही.

−२१४७२२१००८ : वेगळ्या थ्रेडमध्ये कोइनिशियलाइझ केलेलं नाही. प्रत्येक थ्रेडच्या सुरुवातीला पायथनकॉम.कोइनिशियलाइझ बोलवा, आणि एका थ्रेडमध्ये घेतलेला ऑब्जेक्ट दुसऱ्यात वापरू नका.

−२१४७२२११६४ किंवा −२१४७२२१००५ : एक्सेलची नोंदच नाही. डेस्कटॉप ऑफिस बसवलेलं नाही किंवा इन्स्टॉलेशन बिघडलं आहे. कंट्रोल पॅनलमधून रिपेअर चालवा.

कोणी समोर नसताना चालवायचं असेल तर

सर्व्हरवर, सर्व्हिसच्या खात्यातून ऑफिस चालवायला मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही, आणि कारण प्रामाणिक आहे: एक्सेल हा माणूस समोर आहे असं धरून बनवलेला प्रोग्राम आहे. तरी करायचंच असेल तर टास्क शेड्यूलरमध्ये ‘युजर लॉग-ऑन असतानाच चालवा’ हा पर्याय घ्या, आणि त्या कामासाठी वेगळं खातं ठेवा ज्यात एक्सेल एकदा हाताने उघडून लायसन्स आणि स्वागताचे डायलॉग संपवलेले आहेत. सिस्टिम खात्यातून चालवल्यावर फाइल उघडतच नसेल, तर विंडोजच्या सिस्टिम३२ मधल्या कॉन्फिग\सिस्टिमप्रोफाइल या फोल्डरात डेस्कटॉप नावाचं रिकामं फोल्डर बनवून बघा. ३२-बिट ऑफिससाठी ते सिसवॉव६४ खाली. हा जुगाड आहे, पण चालतो.

मॅप केलेली ड्राइव्हची अक्षरं अशा वेगळ्या खात्यात बहुधा नसतात; दोन बॅकस्लॅशने सुरू होणारा नेटवर्क पाथ वापरा. डिफॉल्ट प्रिंटर हवाच, नाहीतर पेजसेटअपला हात लावताच एरर येतो. हाताने उघडलेल्या एक्सेलमध्ये असणारी पर्सनल वर्कबुक आणि एक्सएलएएम ॲड-इन ऑटोमेशनने सुरू केलेल्या एक्सेलमध्ये आपोआप लोड होत नाहीत. त्यातली फंक्शनं लागत असतील तर त्या फाइल वर्कबुक्स.ओपनने स्वतः उघडा. शेड्यूलरमध्ये कामाची कमाल मुदत मुळात ३ दिवस असते, ती अर्ध्या तासावर आणा. आणि मुदत संपून स्क्रिप्ट मारली गेली तरी एक्सेल मागे राहणारच, म्हणून पुढच्या वेळी स्क्रिप्ट सुरू होताना लॉगमधला जुना प्रोसेस आयडी तपासा: तो अजून जिवंत असेल आणि कमांड लाइनमध्ये एम्बेडिंग दिसत असेल, तर आधी तो मारून मग नवा मागवा.